५५०–० : आकडा खरा आहे, वाचायचा कसा ते सांगतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुमची मुलगी मिशिगन विद्यापीठात शिकते. तिच्याकडे अ‍ॅन आर्बरला गेला होतात तेव्हा कळलं, की १९०१ सालच्या तिथल्या फुटबॉल संघानं अकरा सामन्यांत ५५० गुण केले आणि समोरच्यांना एकही करू दिला नाही. दिवाळी अंकासाठी हे लिहायला घेतलंत आणि भाच्यानं खोडा घातला. शेवटच्या सामन्याचा तपशील आठ टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं), त्यावरचे चार जादा गुण आणि एक फील्ड गोल (चालत्या खेळात चेंडू खांबांमधून मारणं) असा आहे. टचडाउनला सहा, जादाचा एक आणि फील्ड गोलला तीन धरले तर होतात ५५, आणि स्कोअर लिहिलाय ४९–०. मग एकतर तपशील खोटा किंवा स्कोअर खोटा, आणि हेच चुकलं असेल तर ५५० वर विश्वास का ठेवायचा, असं त्याचं म्हणणं. शिवाय "आजवरचा सर्वश्रेष्ठ कॉलेज संघ" असं लिहिलं तर चालेल का, हेही तुम्ही विचारलंय.

भाचा हुशार आहे. बेरीज त्यानं बरोबर केली, फक्त गुण आजचे लावले.

मी तीसेक वर्षं वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर आकडेवारी सांभाळली. निवृत्तीनंतर मुलाकडे मिशिगनला जाऊन-येऊन असतो. तिथल्या गावच्या लायब्ररीत मायक्रोफिल्मवरची जुनी वर्तमानपत्रं चाळायची सवय लागली, त्यातून हे प्रकरण हाती आलं. आणि तुमच्या भाच्याच्याच खड्ड्यात मी त्याआधी पडून आलोय. नोकरीत असताना एका कोपऱ्यातल्या चौकटीसाठी याच संघावर चार ओळी लिहिल्या होत्या : "अकरा सामन्यांत ५५०, म्हणजे सरासरी ५०, म्हणजे दर सामन्याला साधारण सात टचडाउन." छापून आलं. चौथ्या दिवशी एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती : तेव्हा टचडाउनला पाच गुण मिळत. तेव्हापासून जुना स्कोअर समोर आला की मी आधी साल बघतो, मग नियम, आणि मग आकडा.

ज्यांना फुटबॉल म्हटलं की पायानं खेळायचा खेळ आठवतो त्यांच्यासाठी एवढंच, की हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू लांबट, तो छातीशी धरून समोरच्यांच्या भिंतीत घुसायचं. १९०१ साली टचडाउनला ५ गुण होते, त्यानंतर खांबांमधून चेंडू मारला तर १, चालत्या खेळात मारलेल्या फील्ड गोललाही ५ आणि सेफ्टीला, म्हणजे समोरचा संघ चेंडूसह स्वतःच्याच गोलरेषेमागे सापडला तर, २. आता तुमचा सामना मांडा. आठ टचडाउनचे ४०, वरचे ४, फील्ड गोलचे ५. झाले ४९. मध्यंतरापर्यंत १७ होते : एक टचडाउन आणि त्यावरचा गोल मिळून ६, फील्ड गोलचे ५, पुन्हा ६. उत्तरार्धात सहा टचडाउन आणि दोन गोल, म्हणजे ३२. एकट्या नील स्नोनं पाच टचडाउन केले, कर्टिस रेडननं दोन आणि हर्नस्टीननं एक. तपशील आणि स्कोअर चोख जुळतात.

पुढे फील्ड गोलचे गुण १९०४ मध्ये चारवर आले, १९०९ मध्ये तीनवर, आणि टचडाउनचे सहा झाले १९१२ मध्ये. म्हणजे दहा-बारा वर्षांत खेळाचं चलनच बदललं. "मग आजच्या भाषेत ते ५५–० होतं" असं मात्र लिहू नका. मोह होतो, मलाही झाला होता. पण एका लाथेला टचडाउनइतकेच पाच गुण मिळत असतील तर संघ खेळतोच वेगळा. लाथ कधी मारायची, धावायचं कधी, सगळे निर्णय बदलतात. जुन्या आकड्याला नवे गुण लावले की जो सामना कधी झालाच नाही त्याचा स्कोअर तुमच्या हातात येतो.

आठ टचडाउननंतर गोल फक्त चारच का, हाही प्रश्न भाचा विचारेल. आज तो गुण जवळपास ठरलेला असतो, तेव्हा तसं नव्हतं. चेंडू गोलरेषेपलीकडे जिथं टेकवला त्या जागेच्या सरळ रेषेत मागे येऊन लाथ मारावी लागे. मैदानाच्या कडेला टेकवला असेल तर कोन इतका तिरका, की खांबांमधली जागा दिसायचीही नाही. मग आपल्याच माणसानं रेषेमागून चेंडू उडवायचा, दुसऱ्यानं तो समोर झेलायचा आणि झेलला तिथून गोलचा प्रयत्न करायचा. त्यात झेल सुटला की गुण गेला. म्हणून त्या काळातल्या स्कोअरमध्ये पाचाच्या पटीवर एक-दोन-चार असे सुटे गुण लटकलेले दिसतात.

आता मूळ आकडा. मोठी बेरीज दिसली की ती स्वतः करून बघायची, ही माझी खोड आहे. २८ सप्टेंबरला अल्बियनविरुद्ध ५०, मग केसविरुद्ध ५७, इंडियाना ३३, नॉर्थवेस्टर्न २९, बफेलो १२८, कार्लाइल २२, ओहायो स्टेट २१, शिकागो २२, बेलॉइट ८९ आणि २८ नोव्हेंबरला आयोवाविरुद्ध ५०. दहा सामने, ५०१ गुण. अकरावा सामना १ जानेवारी १९०२ चा, स्टॅनफर्डविरुद्ध कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाला, त्याचे ४९. झाले ५५०.

या शेवटच्या तारखेपाशी बरेच जण घसरतात. हंगाम १९०१ चा, सामना १९०२ चा. कॅलेंडरप्रमाणे मोजणाऱ्याला ५०१ मिळतात, हंगामाप्रमाणे मोजणाऱ्याला ५५०, आणि दोघे एकमेकांना खोटं ठरवतात. आपल्याकडे रणजी हंगाम डिसेंबर-जानेवारी ओलांडून जातो तेव्हा हाच घोळ किती वेळा निस्तरावा लागायचा, ते क्रीडापानावर बसलेल्या कुणालाही विचारा.

म्हणजे आकडा खरा. पण तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या पोटात खरा प्रश्न वेगळाच आहे : एवढे गुण झालेच कसे, आणि त्यातले किती या संघाच्या मोठेपणाचे?

थोडा वाटा नियमांचा आहे. तेव्हा गुण खाल्लेल्या संघानंच पुन्हा चेंडू मारून खेळ सुरू करायचा असे. म्हणजे मिशिगननं टचडाउन केला की पुढचा चेंडूही मिशिगनच्याच हातात. दुबळ्या संघाला चेंडू मिळतच नाही, मार तेवढा मिळत राहतो. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे गेलं की चेंडू आपल्याकडेच राहायचा. हातानं पुढे फेकण्याला, म्हणजे फॉरवर्ड पासला, १९०६ पर्यंत परवानगीच नव्हती. त्यामुळे ज्याची रांग भारी तो संघ दोन-दोन, तीन-तीन यार्डांनी समोरच्याला रेटत थेट गोलरेषेपर्यंत नेऊ शकायचा. त्यात नवा कोच फील्डिंग योस्ट. आदल्या वर्षी तो स्टॅनफर्डलाच शिकवत होता. त्याचं टोपणनावच "हरी अप" पडलं, कारण एक चाल संपून धूळ बसायच्या आत पुढची सुरू झाली पाहिजे, असा त्याचा धोशा. समोरचे अजून उठून उभे राहताहेत तोवर मिशिगनचा विली हेस्टन चेंडू घेऊन निघालेला. आणि बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घ्यायची सोय नव्हती. दमलात तरी खेळा, नाहीतर कायमचे बाहेर बसा. अशा खेळात वेग हेच मोठं शस्त्र. माझ्या मते १९०१ च्या मिशिगनचं खरं नावीन्य इथं आहे, स्कोअर हा त्याचा परिणाम.

दुसरा वाटा वेळापत्रकाचा. कुणाशी खेळायचं ते बहुतांशी ज्याचं त्यानं ठरवायचं. अल्बियन आणि बेलॉइट ही लहान कॉलेजं. त्यांच्याविरुद्धचे १३९ आणि बफेलोविरुद्धचे १२८ धरले तर तीन सामन्यांत २६७ होतात, म्हणजे ५५० तले जवळजवळ निम्मे. उलट कार्लाइल, ओहायो स्टेट आणि शिकागो हे तीन सामने बघा : २२, २१, २२, मिळून ६५. मला विचाराल तर संघाची ताकद या ६५ मध्ये दिसते. शिकागोचा कोच अमोस अलोन्झो स्टॅग, कार्लाइलचा पॉप वॉर्नर, दोघेही त्या काळातले मातब्बर. (कार्लाइल म्हणजे पेनसिल्व्हेनियातली, मूळ अमेरिकन जमातींच्या मुलांना घरापासून तोडून "सुधारण्यासाठी" काढलेली सरकारी निवासी शाळा. तिचा संघ मोठमोठ्या विद्यापीठांना घाम फोडायचा. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण नुसतं नाव टाकून पुढे जाऊ नका.)

ओहायो स्टेटच्या २१–० बद्दल एक सांगायलाच हवं. कोलंबसला हा सामना ९ नोव्हेंबरला झाला. त्याच्या दोन आठवडे आधी, २६ ऑक्टोबरला, ओहायो स्टेटचा सेंटर, म्हणजे रांगेत मधोमध खेळणारा, जॉन सीग्रिस्ट दुसऱ्या एका सामन्यात जखमी झाला आणि थोड्याच दिवसांत दगावला. २६ ऑक्टोबर म्हणजे मिशिगननं बफेलोला १२८ मारले तोच दिवस. मायक्रोफिल्मवर त्या आठवड्याची पानं पुढे सरकवताना एकीकडे गुणांचा पाऊस आणि दुसरीकडे ही बातमी, असं आलं की हात थांबतो. तक्त्यातल्या २१–० मधून हे कळत नाही. मृत्यू पुढेही होत राहिले. १९०५ साली इतकी ओरड झाली की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना लक्ष घालावं लागलं आणि पुढच्या वर्षी फॉरवर्ड पास, तीन प्रयत्नांत दहा यार्ड असे नियम आले. मिशिगननं ५५० गुण ज्या खेळात केले तो खेळ पाच वर्षांत बदलून टाकावा लागला, हे वाक्य तुमच्या लेखात असलं तर बरं.

१२८ बद्दल भाच्यासाठी एक गंमत. फील्ड गोल आणि सेफ्टी धरलेच नाहीत तरी हा आकडा चार तऱ्हांनी जुळतो : २२ टचडाउन आणि १८ गोल, २३ आणि १३, २४ आणि ८, किंवा २५ आणि ३. नुसत्या स्कोअरवरून टचडाउन किती ते काढता येत नाही, त्यासाठी त्या दिवसाचा वृत्तांत वाचावा लागतो. मी पूर्वी उलटी गणितं करत बसायचो, ते सोडून दिलं. याच सामन्याची एक गोष्टही तुमच्या कानावर येईल : बफेलोचा एक दमलेला खेळाडू मिशिगनच्या बाकावर येऊन बसला, कुणीतरी म्हणालं तुझा बाक तिकडे, तर तो म्हणाला, ठाऊक आहे, पण पुरे झालं. छान आहे. पण अगदी याच वळणाची गोष्ट १९१६ च्या जॉर्जिया टेक विरुद्ध कंबरलंड सामन्याचीही सांगतात, जो २२२–० सुटला. एकच किस्सा दोन गावांत भेटला की मी त्याला किस्सा म्हणूनच छापतो. तुम्हीही "असं सांगतात" एवढे दोन शब्द पुढे लावा.

आता पॅसाडिनाचा सामना. तिथल्या नववर्षाच्या फुलांच्या मिरवणुकीला जोड म्हणून आयोजकांनी पूर्वेकडचा एक आणि पश्चिमेकडचा एक असे संघ बोलावले. मिशिगनची पोरं रेल्वेनं बर्फातून कॅलिफोर्नियाच्या उन्हात आली. सुमारे ८,००० लोक जमले. योस्टसमोर त्याचाच जुना संघ. मिशिगनचे अकराच्या अकरा खेळाडू शेवटपर्यंत मैदानात राहिले, बदली एकही नाही. सामना मात्र पूर्ण वेळ चाललाच नाही. आठ मिनिटं बाकी असताना स्टॅनफर्डच्या कॅप्टननं थांबूया म्हटलं आणि खेळ थांबला. आयोजकांना या एकतर्फी प्रकाराचा असा धसका बसला की पुढच्या वर्षी त्यांनी पोलो ठेवला, नंतर रथांच्या शर्यती, आणि फुटबॉल परत आला तो थेट १९१६ साली.

हे वाचताना आपल्याला पुण्याची आठवण होणारच. डिसेंबर १९४८, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ कमी असताना काठियावाडनं सामनाच सोडून दिला. हारणाऱ्यानं "पुरे" म्हटलं की वहीत आकडा गोठतो. ४९ हाही असाच गोठलेला आकडा आहे. फरक इतकाच, की निंबाळकरांचं नुकसान झालं म्हणून आपण हळहळतो, आणि स्टॅनफर्डची सुटका झाली म्हणून कुणी हळहळत नाही.

"पॉइंट-अ-मिनिट" हे नाव तुम्ही वाचलं असेल. ते १९०१ ते १९०५ या योस्टच्या पाचही संघांना मिळून लावतात : ५७ सामने, ५५ विजय, एक बरोबरी, एक हार, २,८२१ गुण केले आणि ४२ दिले. ती एकमेव हार १९०५ च्या शेवटच्या सामन्यात शिकागोकडून, २–० अशी, फक्त एका सेफ्टीवर. पण १९०१ पुरतं "मिनिटाला एक गुण" हे शब्दशः घेऊ नका. नियमानं ३५ मिनिटांचे दोन भाग, म्हणजे ७० मिनिटं, आणि सरासरी ५० गुण. दोन्ही कॅप्टनांनी ठरवून वेळ कमी करण्याची पद्धत सर्रास होती, त्यामुळे प्रत्यक्षात दर त्याहून चढा पडायचा. तरी ते टोपणनावच आहे, हिशोब नाही.

इथवरचं थोडक्यात : ५५० खरे, गुण १९०१ चे लावायचे, जानेवारीतला सामना धरायचा, आणि त्यातले जवळजवळ निम्मे गुण तीन सामन्यांतले आहेत हे विसरायचं नाही.

राहिला "सर्वश्रेष्ठ". हे तुम्ही कुणाशी तुलना करताय त्यावर अवलंबून आहे. त्या हंगामात विस्कॉन्सिनही नऊपैकी नऊ सामने जिंकून अपराजित राहिला आणि दोघे एकमेकांशी खेळलेच नाहीत, म्हणून वेस्टर्न कॉन्फरन्सचं, म्हणजे त्या भागातल्या विद्यापीठांच्या गटाचं, विजेतेपद दोघांत विभागून आहे. तिकडे पूर्वेला हार्वर्ड बारापैकी बारा जिंकून बसला होता. हार्वर्ड आणि मिशिगन यांचाही सामना झाला नाही. राष्ट्रीय विजेता ठरवण्याची सोयच त्या काळात नव्हती. आज १९०१ पुढे जी नावं लिहिलेली दिसतात ती अनेक वर्षांनी मागे वळून दिलेली आहेत, आणि ती देणाऱ्यांचंही एकमत नाही. तेव्हा "सर्वश्रेष्ठ" हा शब्द मी असतो तर वापरला नसता.

पण भर द्यायचाच असेल तर ५५० वर देऊ नका, शून्यावर द्या. मोठा स्कोअर दुबळ्यांना मारून करता येतो. शून्य मात्र स्टॅगच्या शिकागोसमोरही राखावं लागतं, कोलंबसला परक्या मैदानातही राखावं लागतं. आणि हे अशा काळात, जेव्हा समोरच्याच्या एका बऱ्या लाथेला टचडाउनइतके पाच गुण होते. अकरा सामन्यांत एकही चेंडू त्यांच्या खांबांमधून गेला नाही, एकही माणूस त्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवू शकला नाही, एकदाही स्वतःच्या रेषेमागे सापडून सेफ्टीचे दोन गुण द्यावे लागले नाहीत.

अंकासाठी वाक्य हवं असेल तर हे घ्या : "१९०१ च्या हंगामात, १ जानेवारी १९०२ चा सामना धरून, मिशिगननं अकरा सामन्यांत ५५० गुण केले, एकही दिला नाही; तेव्हा टचडाउनला पाच गुण होते." एवढं लिहिलंत की माझ्यासारखं पोस्टकार्ड तुम्हाला येणार नाही. आणि तुमच्या लेखातल्या पॅसाडिनाच्या फोटोखाली "रोझ बोल स्टेडियम" लिहिलंय ते खोडा. ते स्टेडियम उभं राहिलं १९२२ साली. हा सामना टूर्नामेंट पार्क नावाच्या मैदानात झाला होता.